खिशातली वीज

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

'बँक' हा शब्द आता केवळ पैशापुरता राहिलेला नाही. रक्ताची बँक असते, नेत्रदानाची असते, बियाण्यांची असते. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या खिशात आणि पिशवीत एक छोटीशी बँक येऊन बसली आहे. तिचं नाव पॉवर बँक. मराठीत तिला 'वीजपेढी' म्हणता येईल, पण दुकानात जाऊन वीजपेढी मागितली तर दुकानदार आपल्या तोंडाकडे बघत राहील. तेव्हा आपण पॉवर बँकच म्हणू या.

नाव ज्यानं ठेवलं त्यानं विचार करून ठेवलं आहे. घरी वीज असते तेव्हा भरणा करायचा, आणि अडीनडीला काढायची. खऱ्या बँकेसारखीच हीसुद्धा मधल्यामध्ये स्वतःचा हिस्सा कापून घेते. हिच्याही खऱ्या अटी अगदी बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. आणि बँक निवडताना चूक झाली तर ठेव बुडते, हेही दोन्हीकडे सारखंच. इथे मात्र कधीकधी ठेवीबरोबर घरालाही धोका पोचतो.

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. पर्यंत शिकलो, तेही साहित्य घेऊन. विजेचं शास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण ही वस्तू आता घराघरात आहे आणि ती विकत घेताना आपण फक्त दोन गोष्टी विचारतो : 'कितीची आहे?' आणि 'किती हजारवाली आहे?' या दोन प्रश्नांवर निवड करणं योग्य नाही. म्हणून जाणकारांना विचारून, वाचून जे समजलं ते आज साध्या भाषेत सांगतो.

आधी गरज कुठे पडते ते पाहू. प्रवासात फोन बंद पडला तर गैरसोय होते, एवढंच आपल्याला वाटतं. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हाचे दिवस कोकणातल्या माणसांना विचारा. विजेचे खांब आडवे झाले, आणि अनेक गावांत कित्येक आठवडे वीज आली नाही. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. घरात पाणी, अंगावर काळोख आणि हातातला फोन शेवटच्या रेघेवर. मुंबई-पुण्यात राहणारी मुलं फोन लावतायत आणि पलीकडून काहीच नाही, अशी ती रात्र.

आमच्या नात्यातल्या एक आपा श्रीवर्धन तालुक्यात राहतात. वादळानंतर त्यांच्याकडे एक भरलेली पॉवर बँक तेवढी होती. त्यांनी घरात नियम केला : फोन दिवसातून दोनदाच सुरू करायचा, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. रेंज मिळायला टेकाडावर जावं लागे, पण फोन जिवंत होता. शेजारच्या दोन घरांचे निरोपही त्याच फोनवरून गेले. असे दिवस पाहिले की ही वस्तू चैनीची आहे असं म्हणवत नाही. कंदील, काडेपेटी आणि औषधांचा डबा यांच्या शेजारी तिची जागा आहे.

आता खरेदीकडे वळू. पॉवर बँकेच्या खोक्यावर ठळक अक्षरांत आकडा असतो : १०,००० एमएएच, २०,००० एमएएच. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर. आपल्या फोनच्या बॅटरीवरही असाच आकडा असतो, बहुतेक ५,००० च्या आसपास. मग आपण हिशेब करतो, दहा हजाराला पाच हजारानं भागलं, म्हणजे फोन दोनदा पूर्ण भरेल. प्रत्यक्षात तसं होत नाही. फोन एकदा पूर्ण भरतो, दुसऱ्यांदा तिसरा हिस्सा कसाबसा भरतो, आणि पॉवर बँकेचे दिवे विझतात. आपण म्हणतो, दुकानदारानं फसवलं. बहुतेक वेळा त्यानं फसवलेलं नसतं. आपण आकडा चुकीचा वाचलेला असतो.

याची गंमत समजायला पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेऊ. टाकीत पाणी किती, हा एक प्रश्न. आणि टाकी किती उंचीवर आहे, हा दुसरा. पाणी तेवढंच असलं तरी गच्चीवरच्या टाकीचं पाणी जोरात येतं, आणि ओट्यावर ठेवलेल्या पिंपाचं धार धरून येतं. विजेतही तसंच आहे. एमएएच हा आकडा पाणी किती ते सांगतो. उंची सांगतो तो व्होल्टचा आकडा. पॉवर बँकेतल्या सेलचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. पण यूएसबीच्या तोंडातून वीज बाहेर पडते ती किमान ५ व्होल्टनं. म्हणजे पिंपातलं पाणी पंप लावून गच्चीवर चढवायचं आणि मग सोडायचं. हा पंप म्हणजे पॉवर बँकेच्या आतलं छोटं सर्किट. दाब वाढवला की एमएएचचा आकडा त्या प्रमाणात उतरतो. १०,००० चे ५ व्होल्टवर होतात ७,४००. शिवाय पंपही थोडी वीज खातो, थोडी उष्णता होऊन उडून जाते. राहतात सहा-साडेसहा हजार. पुढे फोनमध्ये शिरताना तो दाब पुन्हा बॅटरीला सोसेल एवढा खाली आणावा लागतो, तिथे आणखी थोडी गळती. ही झाली बँकेची कपात.

प्रामाणिक कंपन्या ही कपात लपवत नाहीत. खोक्याच्या मागे किंवा पॉवर बँकेच्या पोटावर, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, 'रेटेड कपॅसिटी' म्हणून एक दुसरा आकडा लिहिलेला असतो. १०,००० च्या बँकेवर तो ६,००० च्या आसपास आढळेल. खरा आकडा तो. दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर ठळक आकडा सोडून द्यावा आणि हा बारीक आकडा पाहावा. तो कुठेच छापलेला नसेल, तर त्या मालाबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

याहूनही भरवशाचा एक आकडा आहे, वॉट-अवर. ही आपली जुनी ओळखीची गोष्ट आहे. दर महिन्याच्या वीजबिलात जे 'युनिट' असतं, ते म्हणजे एक हजार वॉट-अवर. पॉवर बँकेचे वॉट-अवर काढायला सोपं गणित आहे. एमएएचला हजारानं भागा आणि ३.७ नं गुणा. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर. २०,००० म्हणजे ७४. म्हणजे दहा हजाराच्या बँकेत एका युनिटचा सत्ताविसावा हिस्सा मावतो. एवढ्या विजेवर नऊ वॉटचा एलईडी बल्ब चार तास जळेल. भरतानाची गळती धरूनही एका युनिटमध्ये ती वीसेक वेळा भरता येईल. तेव्हा वीजबिल वाढेल या भीतीनं ती अर्धवट भरून ठेवू नका.

आता तो मोठ्या आकड्यांचा बाजार. स्टेशनबाहेरच्या पुलावर, जत्रेत, आठवडी बाजारात पॉवर बँका मांडलेल्या असतात. मध्यंतरी एका अशाच दुकानावर उभा होतो. विकणारा मुलगा विशीतला. म्हणाला, "चाचा, हा घ्या. पन्नास हजारवाला आहे. आठवडाभर बघायला नको. सातशे रुपये फक्त."

मी ती वस्तू तळहातावर घेतली. साबणाच्या वडीएवढी, आणि वजनाला तशीच हलकी. मी म्हटलं, "बेटा, यात पन्नास हजार मावतील कुठे?"

तो हसला. "चाचा, आता टेक्नॉलॉजी आहे ना."

मुलगा गोड होता, त्याच्याशी काय वाद घालायचा? पण टेक्नॉलॉजीलाही वजन असतं. पॉवर बँकेत जे दंडगोल सेल वापरतात, त्यातला चांगल्यात चांगला सेल साधारण ३,५०० एमएएचचा असतो आणि त्याचं वजन ४५ ते ५० ग्रॅम. पन्नास हजारांसाठी असे पंधरा सेल हवेत. म्हणजे नुसत्या सेलचंच वजन सातशे ग्रॅम. शेरभर वजनाची वस्तू साबणाच्या वडीत कशी बसेल? अशा डब्यांत अनेकदा एखाददुसरा सेल असतो, तोही जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला. वजन वाढवायला आत वाळू किंवा लोखंडाचा तुकडा भरलेले नमुनेही उघडकीला आलेले आहेत. तेव्हा एक खूणगाठ बांधा : खऱ्या दहा हजारच्या बँकेचं वजन साधारण दोनशे ग्रॅम असतं, वीस हजारच्या बँकेचं साडेतीनशे ते साडेचारशे. यापेक्षा फार हलकी असेल तर परत ठेवा. जड आहे म्हणून खरीच आहे, असं मात्र समजू नका.

मोठी की छोटी? ज्याला सकाळी निघून रात्री घरी यायचं आहे, त्याला दहा हजारची पुरे. खिशात मावते, खांद्याला भार होत नाही. आळंदीहून किंवा देहूहून पंढरपूरला चालत जाणारा वारकरी, हजला जाणारा यात्रेकरू, ट्रेकला जाणारी मुलं, ज्यांना दोन-तीन दिवस बोर्ड सापडण्याची खात्री नाही, त्यांनी वीस हजारची घ्यावी. त्याहून मोठी घेताना विमानाचा विचार करावा लागतो, तो पुढे सांगतो. शिवाय मोठी बँक भरायलाही तेवढा वेळ लागतो. जुन्या १० वॉटच्या चार्जरवर दहा हजारची बँक भरायला साडेचार-पाच तास लागतात, वीस हजारची रात्रभर घेते. रात्री अकराला लावून पहाटे पाचला काढली आणि अर्धीच भरली, असं झालं तर दोष बँकेचा नाही. भरण्याचा वेगही खोक्यावर 'इनपुट' या शब्दापुढे लिहिलेला असतो, तो वाचावा. १८ वॉटनं भरणारी वीस हजारची बँक पाचेक तासांत भरते.

यातूनच पुढची गोष्ट निघते, ती म्हणजे वॉट. वॉट-अवर म्हणजे टाकीत साठा किती. वॉट म्हणजे नळ किती मोठा. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॉट मिळतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॉट. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १८ वॉट. फोनला १० वॉट चालतात, हळू का होईना भरतो. टॅब्लेटचं तसं नाही. त्याचा पडदा मोठा, बॅटरी फोनच्या दीडपट-दुप्पट. मूल टॅबवर धडा बघत असेल आणि नळ लहान असेल, तर जेवढी वीज येते जवळपास तेवढीच खर्च होते आणि टक्के जागचे हलत नाहीत. टॅबसाठी किमान १८-२० वॉट देणारी बँक घ्यावी. आणि साठ्याचा अंदाजही आधीच घ्यावा : साधारण २८ वॉट-अवरचा टॅब असेल तर दहा हजारची बँक त्याला एकदा जेमतेम भरते.

वेगवान चार्जिंगच्या जाहिरातीत मात्र एक मेख असते. पॉवर बँक आणि फोन यांनी एकमेकांशी बोलून किती व्होल्ट घ्यायचे-द्यायचे ते ठरवायचं असतं. हे बोलणं एकाच भाषेत व्हावं लागतं. 'पॉवर डिलिव्हरी', म्हणजे खोक्यावरची 'पीडी' ही दोन अक्षरं, ही आज सर्वात जास्त चालणारी भाषा. पण काही फोन कंपन्यांनी आपापली खासगी बोली तयार केली आहे. त्यांचा फोन त्यांच्याच चार्जरवर ६० किंवा ८० वॉटनं धावतो, आणि दुसऱ्याच्या पॉवर बँकेवर १० ते १८ वॉटवर येतो. म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी आपला फोन कोणती भाषा समजतो ते विचारून घ्यावं. सोबतची वायरही महत्त्वाची. दहा-वीस रुपयांची बारीक वायर म्हणजे मोठ्या नळाला सलाईनची नळी. निदान ३ अँपिअर सोसणारी वायर वापरावी. तोंड टाइप-सीचं असलेलं बरं. युरोपीय संघानं २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅबना तेच सक्तीचं केलं, आणि आपल्याकडचे बहुतेक नवे फोनही आता त्याच तोंडाचे येतात.

सोलर पॉवर बँकेबद्दल लोक फार विचारतात. फुकटची सूर्यशक्ती, कुणाला नको? पण फोनएवढ्या पाठीवर बसणारी पट्टी कडक उन्हात एक-दीड वॉट देते. रोज पाच तास चांगलं ऊन धरलं तरी दहा हजारची बँक भरायला पाच ते आठ दिवस लागतील. आणि बॅटरी तेवढा वेळ उन्हात तापवत ठेवणं हे तिच्या प्रकृतीला वाईट. तिला घरच्या बोर्डावर भरून घ्यावं आणि सोलर हे नाव विसरावं.

आता सुरक्षिततेकडे येऊ. या वस्तूच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी असते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तिघांच्या संशोधनातून ती घडली. १९९१ मध्ये सोनी कंपनीनं ती पहिल्यांदा बाजारात आणली, आणि २०१९ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. 'लिथियम-पॉलिमर' म्हणून जे विकतात तीही याच घराण्यातली, फक्त पत्र्याच्या नळकांड्याऐवजी मऊ पाकिटात बसवलेली.

ही बॅटरी थोड्या जागेत पुष्कळ शक्ती साठवते, हा तिचा गुण, आणि तोच तिचा धोका. आत दोन ध्रुव एकमेकांना खेटून असतात, आणि मध्ये केसापेक्षाही पातळ प्लॅस्टिकचा पडदा. तो पडदा फाटला, वितळला किंवा बनवतानाच त्यात खोट राहिली, की दोन्ही बाजू भिडतात. उष्णता निर्माण होते, ती उष्णता शेजारचा भाग पेटवते, आणि काही सेकंदांत ती थांबवता येत नाही अशा वेगानं वाढते. आतलं द्रव ज्वलनशील असतं. चांगल्या बँकेत हे टाळायला राखणदार सर्किट बसवलेलं असतं : जास्त भरू देत नाही, पार रिकामी होऊ देत नाही, तापली की बंद करतं, वायर शॉर्ट झाली की वीज तोडतं. स्वस्त मालात पहिली काटछाट होते ती या राखणदाराची. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात.

मग ओळखायचं कसं? आपल्या देशात पॉवर बँक विकायची तर भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ब्युरोची खूण, आयएस १३२५२ हा मानकाचा क्रमांक आणि इंग्रजी 'आर' अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. खूण कुणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक तपासून पाहावा. ब्युरोचं 'बीआयएस केअर' नावाचं मोफत अॅप आहे. त्यात हा क्रमांक घातला की कंपनीचं नाव आणि वस्तू समोर येते. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या नातवाला सांगा. आणि बिल अवश्य घ्या, कारण मोठ्या कंपन्यांच्या मालातही खोट निघते. जून २०२५ मध्ये अँकर या प्रसिद्ध कंपनीनं अमेरिकेत विकलेल्या आपल्या एका मॉडेलच्या ११ लाखांहून अधिक पॉवर बँका परत मागवल्या. आग आणि स्फोटाच्या १९ तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. बिल आणि मॉडेल नंबर असला तरच अशा वेळी आपली वस्तू त्यात आहे की नाही ते कळतं. पुलावरच्या मालाला परत कोण मागवणार?

विमानाचे नियम याच भीतीतून आले आहेत. पॉवर बँक सामानात टाकून विमानाच्या पोटात पाठवता येत नाही, ती हातातल्या पिशवीतच हवी. तिथे पेटली तर निदान माणसांना दिसते, विझवता येते. १०० वॉट-अवरपर्यंतची बँक चालते. आपलं गणित लावलं तर ही मर्यादा सुमारे २७,००० एमएएचला येते. १०० ते १६० वॉट-अवरसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते, आणि त्यापुढे नाहीच. बँकेवरचे आकडे पुसले गेले असतील तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेऊ शकतात.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानाला आग लागली. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान मात्र जळालं. वरच्या कप्प्यातली पॉवर बँक हे संभाव्य कारण, असं तपासातून पुढे आलं. त्यानंतर अनेक देशांनी नियम कडक केले. १९ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात, ते धावपट्टीकडे जात असतानाच, एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती विझवली, कुणाला इजा झाली नाही. पुढच्याच महिन्यात आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं परिपत्रक काढून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवू नये असं सांगितलं. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाबरोबर आलेली सूचना दर वेळी वाचावी.

घरात वापरताना फार काही करावं लागत नाही. पॉवर बँक भरायला लावाल तेव्हा ती फरशीवर किंवा ओट्यावर उघडी ठेवा. गादीवर, उशीखाली, कपड्यांच्या ढिगात नको. उष्णतेला बाहेर पडायला वाट हवी. पिशवीत चेन लावून फोन भरत ठेवण्याची सवय अनेकांना आहे, तीही बरी नव्हे. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे ती ठेवू नका. माणूस तिथे पाच मिनिटं बसू शकत नाही, ती दिवसभर कशी बसेल? किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकू नका. पाण्यात पडली असेल तर वाळवून पुन्हा वापरायचा मोह टाळा.

अडचणीच्या दिवसांसाठी ठेवली असेल तर तिला विसरून जाऊ नका. कपाटात वर्षभर पडलेली बँक आपोआप उतरते, आणि पार रिकामी राहिली तर कायमची निकामी होते. अर्ध्याच्या वर भरून ठेवावी, दर तीन महिन्यांनी तपासावी, आणि मृगाच्या आधी, म्हणजे मेच्या अखेरीस, पूर्ण भरावी. पावसाळ्याची बेगमी करताना आपल्या आया पापड-लोणच्यांबरोबर रॉकेल आणि काडेपेट्याही बघून ठेवत, तसंच हे. वीज गेल्यावर फोन शून्यावर येण्याची वाट न बघता वीस-तीस टक्क्यांवर जोडावा आणि ऐंशीच्या आसपास काढावा. शेवटचे टक्के सावकाश भरतात. भरताना फोन विमान मोडवर टाकला तर वीज वाचते. तीन-चारशे वेळा भरून झाली की तिची ताकद हळूहळू कमी होते. ते तिचं वय आहे, त्यावर औषध नाही.

आणि पोट फुगलं तर? पॉवर बँक फुगली, दोन झाकणांच्या मध्ये फट पडली, गोडसर रसायनाचा वास आला किंवा हाताला चटका बसण्याइतकी तापू लागली, तर तिचे दिवस भरले. दाबून बसवू नका, सुईनं टोचू नका, पुन्हा भरायला लावू नका. लाकूड-कापडापासून दूर, फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात ठेवा. धूर येऊ लागला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, माणसांना बाहेर काढा. तो धूर विषारी असतो, अंगावर घेऊ नका. आग लहान असेल आणि वायर बोर्डातून सुटलेली असेल तर लांबून भरपूर पाणी ओता. पाण्यानं सेल थंड होतात आणि शेजारचे पेटत नाहीत. आटोक्यात येत नसेल तर अग्निशमन दलाचा १०१ आहेच.

शेवटची गोष्ट निरोपाची. खराब पॉवर बँक आपण घंटागाडीत टाकतो किंवा भंगारवाल्याला देतो. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि गाडीच पेटते. भंगाराच्या वखारीत तांब्या-अॅल्युमिनियमसाठी ती हातोडीनं फोडली जाते. फोडणारा पुष्कळदा पोरसवदा असतो, आणि आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. २०२२ मध्ये देशात बॅटरी कचऱ्याचे नियम लागू झाले. त्यानुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात ती द्यावी. देण्याआधी तोंडांवर चिकटपट्टी लावावी. ते केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर तिकडे जाणं होईपर्यंत ती वेगळी ठेवावी.

एकूण काय, तर खरेदीला जाताना पाच गोष्टी लक्षात असू द्या : रेटेड कपॅसिटीचा बारीक आकडा, हातावरचं वजन, आपल्या फोन-टॅबला लागणारे वॉट, मानक ब्युरोचा क्रमांक आणि दुकानाचं बिल. बाकी रंग, दिवे, आकार ज्याच्या त्याच्या आवडीचे. चारशे रुपये वाचवून आणलेला डबा रात्री मुलांच्या अंथरुणाजवळ भरायला लावायचा असतो, एवढं दुकानात उभं असताना आठवलं तरी निवड बरोबर होते.